मिग-२१ विमानाचे अवतरण (उड्डाण-सदृशीकरण)

मिग-२१ हे स्वनातीत लढाऊ विमान वेग आटोक्यात आणून धावपट्टीवर उतरवणे ही संगणकीय उड्डाण-सदृशीकरणातील, म्हणजेच सिम्युलेटरवरील उड्डाणातील, एक अवघड क्रिया मानली जाते. मूळ विमान सोव्हिएत संघाच्या मिकोयान-गुरेविच संस्थेने १९५० च्या दशकात तयार केले. भारतीय हवाई दलात ते १९६३ मध्ये दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. या काळातील बहुसंख्य भारतीय मिग-२१ विमाने नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या कारखान्यात बांधली गेली. त्यामुळे महाराष्ट्राशी या विमानाचे नाते जवळचे आहे.

सर्वसामान्यांना हे विमान सिम्युलेटरवर चालवता येऊ लागले ते प्रामुख्याने ‘डीसीएस वर्ल्ड’ या संगणक-प्रणालीमुळे. तिच्यासाठी लेदरनेक सिम्युलेशन्स या गटाने २०१४ मध्ये ‘मिग-२१ बिस’ या प्रकाराची तपशीलवार प्रतिकृती प्रसिद्ध केली.

अडचणीचे मूळ

मिग-२१ ची रचना शत्रूच्या उंचावरील विमानापर्यंत त्वरेने पोहोचण्यासाठी झाली होती. पंख त्रिकोणी, पातळ आणि आखूड आहेत. दोन्ही टोकांमधील अंतर जेमतेम ७.१५ मीटर आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस मीटर आहे. असे पंख ध्वनीच्या दुप्पट वेगाला योग्य असले तरी मंद वेगात पुरेसे उत्थापक बल देत नाहीत. ते मिळवण्यासाठी विमानाचे नाक बरेच वर उचलावे लागते आणि नाक वर गेले की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो.

येथेच नवशिक्याची फसगत होते. विमान खाली चालले आहे असे दिसताच तो नाक आणखी वर ओढतो. लहान प्रशिक्षण विमानात ही सवय थोडीफार खपून जाते. मिग-२१ मात्र विरोध वाढल्याने आणखी मंदावते आणि अधिकच वेगाने खाली बसू लागते. अशा वेळी खरा उपाय इंजिनाची शक्ती वाढवण्याचा असतो. परंतु त्या पिढीतील जेट इंजिने मंद गतीवरून पूर्ण शक्तीवर येण्यास काही सेकंद घेतात. थ्रॉटल पुढे ढकलला तरी बळ उशिरा मिळते आणि जमीन वाट पाहत नाही.

बिस प्रकारात आणखी एक गुंतागुंत आहे. इंजिनातील दाबलेली हवा पंखांमागच्या झडपांवरून, म्हणजे फ्लॅपवरून, फुंकण्याची सोय त्यात आहे. त्यामुळे मंद वेगातील उत्थापक बल वाढते व अवतरणाचा वेग थोडा कमी ठेवता येतो. मात्र ही हवा इंजिन पुरेशा गतीने फिरत असेल तरच मिळते. वेग कमी व्हावा म्हणून थ्रॉटल एकदम बंद केला की फुंकणी मंदावते, उत्थापक बल घटते आणि विमान दगडासारखे खाली येते. सारांश, या विमानात वेग उतरवायचा असतो तो शक्ती चालू ठेवून.

वेग उतरवण्याचा क्रम

वेगाचा हिशेब धावपट्टीच्या बराच आधी सुरू होतो. विमानाच्या पोटाशी असलेल्या तीन गतिरोधक झडपा उघडून आणि थ्रॉटल मागे घेऊन ताशी ६०० किलोमीटरच्या खाली यावे लागते. त्यानंतरच चाके बाहेर काढतात. सुमारे ५०० ला धावपट्टीकडे वळण, मग फ्लॅप आधी २५ आणि शेवटी ४५ अंश, अंतिम सरळ मार्गावर सुमारे ४०० आणि धावपट्टीच्या कडेवर सुमारे ३३०, असा उतरता क्रम सिम्युलेटरवर सर्वसाधारणपणे पाळला जातो. चाके टेकताना वेग ३०० च्या आसपास असतो. फुंकणीची सोय नसलेल्या किंवा जड विमानात तो ३४० पर्यंत जातो. टाकीत इंधन फार उरले असेल तर प्रत्येक आकडा वर सरकतो, हे बहुतेकांना पहिल्या अपघातानंतर कळते.

सोव्हिएत वेगमापक ताशी किलोमीटर दाखवतो. पाश्चात्त्य विमानांवर सराव केलेल्यांना नॉटची सवय असते. म्हणून ३०० हा आकडा त्यांना भलताच मोठा वाटतो आणि ते नको तितका वेग कमी करतात.

धावपट्टीवर

ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. ताशी १५० ला टेकणाऱ्या तितक्याच वजनाच्या विमानापेक्षा येथे चौपट ऊर्जा शोषावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे काम केवळ चाकांच्या ब्रेकवर टाकता येत नाही, म्हणून शेपटीकडील पॅराशूट उघडतात. तो ताशी ३२० च्या खालीच उघडायचा असतो, अन्यथा फाटून जाण्याची भीती असते. वारा आडवा असेल तर हाच पॅराशूट शेपटीला एका बाजूस ओढतो आणि नाक वाऱ्याकडे वळू पाहते.

पुढचे चाक वैमानिकाला थेट वळवता येत नाही. ब्रेकची कळ नियंत्रण-दांड्यावर असते आणि पायांतील पट्ट्या दाबून डाव्या-उजव्या चाकाला कमीअधिक ब्रेक लावत दिशा सांभाळावी लागते. नुसत्या कळफलकावर सराव करणाऱ्यांची विमाने येथे हमखास कडेच्या गवतात जातात.

वऱ्हाडातील एक उदाहरण घेता येईल. भातकुली, बडनेरा व अमरावती या परिसराला जवळचा असलेल्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. तेथील धावपट्टी १,८५० मीटर लांबीची आहे. ताशी ३०० चा वेग कायम राहिला तर ती अवघ्या २२ सेकंदांत संपेल. त्यातच मे महिन्यातील ४५ अंश तापमानात हवा विरळ होते. अशा हवेत वेगमापकाचा आकडा तोच राहिला तरी जमिनीच्या तुलनेत विमानाचा खरा वेग १५ अंशांच्या मानाने सुमारे ५ टक्के आणि थांबण्याचे अंतर सुमारे १० टक्के अधिक असते. सिम्युलेटरमध्ये तापमान बदलून हा फरक सहज पडताळता येतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तो उत्तम प्रयोग आहे.

प्रशिक्षणाचा प्रश्न

घरच्या सिम्युलेटरवर चुकलेले अवतरण एका कळीने पुन्हा सुरू करता येते. भारतीय हवाई दलातील तरुण वैमानिकांना मात्र अनेक दशके ही कला प्रत्यक्ष विमानावरच शिकावी लागली. मंद गतीच्या ‘किरण’ प्रशिक्षण विमानावरून ते थेट मिग-२१ कडे जात. दोन आसनी मिग-२१ उपलब्ध होते, पण त्यातील मागच्या आसनावरून समोरचे इतके कमी दिसे की प्रशिक्षकासाठी परिदर्शक बसवावा लागला. मधल्या पायरीचे प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली. ते ‘हॉक’ विमान बीदर येथे दाखल होण्यास फेब्रुवारी २००८ उजाडला. हा विलंब समर्थनीय ठरवणे कठीण आहे. १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग मालिकेतील ४८२ विमाने अपघातांत नष्ट झाली व १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले, अशी माहिती तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिली. हे सर्व अपघात अवतरणाचे नव्हते आणि सर्व विमाने मिग-२१ नव्हती, हे ध्यानात घेऊनही आकडा मोठाच आहे.

सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे मिग-२१ च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मृत्यू झाला. वैमानिकाच्या चुकीचा ठपका त्यांच्या कुटुंबाने मान्य केला नाही. आई कविता गाडगीळ यांनी मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे मांडला. पुढे अनिल व कविता गाडगीळ यांनी पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट सुरू करून तेथे वैमानिकांच्या सरावासाठी सिम्युलेटर उभा केला.

मर्यादा

सदृशीकरणात उपकरणांचे आकडे आणि इंजिनाचा विलंब बऱ्याच अंशी खरे असतात. परंतु विमान खाली बसू लागल्याची जाणीव खऱ्या वैमानिकाला आधी आसनातून होते आणि मग काट्यावरून. घरच्या खुर्चीत ती जाणीव नसते. तसेच सपाट पडद्यावर जमिनीपासूनची उंची नीट उमगत नाही, त्यामुळे शेवटच्या काही मीटरांत नाक कधी उचलायचे याचा अंदाज बहुधा उशिरा येतो. डोक्याच्या हालचालीबरोबर दृश्य बदलणारे आभासी चष्मे वापरल्यास ही दुसरी उणीव बरीच कमी होते. पहिली मात्र तशीच राहते.