तोतया खोटा, पण दुःख?

आपल्या जालना जिल्ह्यातलं परतूर. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ इथूनच उत्तरेच्या मोहिमेवर निघाले. १४ जानेवारी १७६१ ला ते पानिपतावर पडले. मोहिमेत सोबत असलेल्या पत्नी पार्वतीबाई परतल्या, पण त्यांनी वैधव्य मानलं नाही.

पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात बंड केलं. त्याच वर्षी त्याला देहदंड झाला.

ऐकताना हसू येतं. पण संशोधनात प्रश्न बदलून बघा. ‘तो खरा होता का?’ याचं उत्तर पुणे दरबाराने तेव्हाच दिलं. ‘लोकांना तो खरा का हवा होता?’ असं विचारलं, की पानिपतावरून माणूस न परतलेली घरं दिसू लागतात.

पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या. तोवर त्या सवाष्णच राहिल्या.