उसना विश्वास : पश्चिम भारतातील जाहिरातींची मनवळवणीची तंत्रे (१९०५ ते १९५४)

प्रस्तावना :

आजचे युग हे जाहिरातीचे युग आहे असे सर्रास म्हटले जाते. वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन आणि आता हातातील मोबाईल अशा प्रत्येक माध्यमातून जाहिरात ग्राहकापर्यंत पोहोचते. परंतु ग्राहकाचे मन वळविण्याची जी तंत्रे आज नवी म्हणून ओळखली जातात, त्यांपैकी बहुतेकांची पायाभरणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाली होती. मुंबईतील गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात संस्था १९०५ साली सुरू झाली. त्याच वर्षी वंगभंगाच्या निमित्ताने स्वदेशी चळवळ उभी राहिली. व्यापार आणि राष्ट्रभावना यांची गाठ पडल्याचे हे वर्ष होय.

जाहिरातीच्या इतिहासाकडे सामान्यतः कलेचा किंवा व्यापाराचा इतिहास म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात त्याकडे विश्वासाचा इतिहास म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. अनोळखी वस्तू अनोळखी माणसाला विकायची असेल, तर त्या दोहोंमध्ये विश्वास निर्माण व्हावा लागतो. हा विश्वास जाहिरातदार सहसा स्वतः निर्माण करीत नाही. समाजात देव, देश, थोर पुरुष, तज्ज्ञ आणि आई यांच्याविषयी जो विश्वास आधीच साठलेला असतो, तो जाहिरात उसना घेते. हे उसने कोणी फेडले आणि कोणी बुडविले, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) १९०५ ते १९५४ या काळातील मनवळवणीच्या प्रमुख तंत्रांचा आढावा घेणे.
२) या तंत्रांमागील सामाजिक विश्वासाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) ग्राहकसंरक्षणाच्या कायद्यांशी त्यांचा संबंध तपासणे.

त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून निवडक उदाहरणांवर भर दिला आहे.

देवाचे चित्र आणि मालाची छाप :

साक्षरतेचे प्रमाण अत्यल्प असलेल्या समाजात मालाची ओळख अक्षरांवरून नव्हे, तर चित्रावरून होत असे. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर रंगीत चित्रांची लेबले चिकटविलेली असत. त्यांवर हिंदू देवदेवता, राजेरजवाडे, हत्ती, वाघ अशी चित्रे असत. गिऱ्हाईक दुकानात येऊन गिरणीचे नाव नव्हे, तर छाप सांगे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. या छापखान्याच्या देवचित्रांनी घरोघरच्या भिंती व्यापल्या. अशा चित्रांची लोकप्रियता व्यापाऱ्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही. साबण, औषधे, बालकांसाठीची पेये यांच्या कंपन्या देवचित्रांची कॅलेंडरे वाटू लागल्या. वुडवर्ड्‌स ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरावर बाळकृष्ण अवतरला तो याच परंपरेतून.

या तंत्राचे सामर्थ्य विचारात घेण्याजोगे आहे. वृत्तपत्र वाचून झाले की रद्दीत जाते. परंतु देवाचे चित्र असलेले कॅलेंडर वर्ष संपले तरी फेकले जात नाही. ते चौकटीत बसते, त्याला हार चढतो आणि त्याखालील कंपनीचे नावही घरात कायमचे वस्तीला येते. येथे वस्तूच्या गुणाविषयी एक शब्दही सांगितलेला नसतो.

देशाच्या नावाने :

स्वदेशी चळवळीने जाहिरातीला नवी भाषा दिली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्ता येथे बहिष्काराचा ठराव झाला. लोकमान्य टिळकांनी ही चळवळ महाराष्ट्रात नेटाने चालविली. पैसा फंडातून तळेगावला काच कारखाना उभा राहिला, तर मुंबईत स्वदेशी मालाची भांडारे निघाली. ‘स्वदेशी’ हा शब्द आता मालाचे वर्णन करीत नव्हता, तर ग्राहकाच्या कर्तव्याला आवाहन करीत होता. खरेदी हे देशकार्य ठरले.

या भावनेचा व्यापारी उपयोग दोन प्रकारे झाला. मुंबईच्या गिरणीमालकांना बहिष्काराचा मोठा लाभ झाला. कापडाच्या किमती वाढवू नयेत अशी विनंती बंगालमधील नेत्यांनी त्यांना केली होती. तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. पुढे खादीचा प्रसार झाल्यावर गिरणीत तयार झालेले जाडेभरडे कापडही खादी म्हणून विकले जाऊ लागले. या फसवणुकीची दखल अखेर सरकारला घ्यावी लागली आणि १९३४ साली खद्दर या नावाच्या संरक्षणाचा कायदा झाला. हाताने कातलेल्या सुताचे व हातमागावर विणलेले कापड तेवढेच खादी, हे त्या कायद्याचे सूत्र होते. ज्या नावाशी परकीय सत्तेविरुद्धचा लढा जोडलेला होता, त्या नावाच्या रक्षणासाठी त्याच सत्तेच्या काळात कायदा व्हावा, ही घटना बोलकी आहे.

याउलट उदाहरण अर्देशीर गोदरेज यांचे होय. १८९७ साली कुलुपांच्या निर्मितीपासून आरंभ करणाऱ्या गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलांपासून साबण तयार केला. त्या काळच्या साबणांत प्राण्यांची चरबी वापरण्याची प्रथा असल्याने अनेक ग्राहकांना हा प्रश्न धर्माचा वाटत असे. रवींद्रनाथ टागोर आणि ॲनी बेझंट यांनी या साबणाची शिफारस केली. येथेही थोरांचा विश्वास उसना घेतलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि, साबणात चरबी नाही हा दावा वस्तूविषयीचा होता आणि तो तपासता येण्याजोगा होता. भावना आणि वस्तुस्थिती येथे एकमेकींना धरून होत्या.

प्रत्यक्ष दाखविणे : किर्लोस्करांचा नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा त्यांच्यापुढील अडचण निराळी होती. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले मोजके नांगर खपायलाच सुमारे दोन वर्षे लागली. शेतकऱ्याचा हा संशय केवळ अडाणीपणा म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने नव्या अवजाराविषयी साशंक असणे स्वाभाविकच होते. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या साहाय्याने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर शेतात चालवून दाखविणे, प्रदर्शनांत मांडणे, वापरणाऱ्याचा अनुभव इतरांना कळविणे हा विक्रीचा मार्ग ठरला. खोल नांगरटीने हरळीसारखे चिवट तण निघते हे बांधावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याला दिसत होते. त्याला शब्दाने पटविण्याची गरज नव्हती.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे शिक्षणाने चित्रकार होते. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे आले आणि १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील एक अग्रगण्य मासिक बनले. जाहिरातीसाठी जन्मलेल्या पत्राने वाचकाला मालापेक्षा अधिक काही दिले, म्हणून वाचकाने ते स्वीकारले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे उदाहरण अपवादात्मक आहे. येथे विश्वास उसना घेतला गेला नाही. तो वर्षानुवर्षे कमावला गेला.

भय, तारा आणि आई :

१९२९ साली जे. वॉल्टर थॉम्पसन आणि १९३९ साली लिंटास या परदेशी जाहिरात संस्थांनी मुंबईत बस्तान बसविले. त्यांच्याबरोबर मनवळवणीचे अधिक शास्त्रशुद्ध तंत्र आले. हॉर्लिक्सने १९३० च्या दशकात ‘रात्रीची उपासमार’ ही कल्पना रूढ केली. झोपेत शरीराची शक्ती खर्च होते, म्हणून सकाळी थकवा जाणवतो, असे सांगितले गेले. वैद्यकशास्त्रात अशा नावाचा रोग नव्हता. जाहिरातीने आधी रोग निर्माण केला आणि मग त्यावरील उपाय बाटलीतून विकला. तज्ज्ञाच्या भाषेचा हा उसनवार वापर होय.

१९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. तोपर्यंत या साबणासाठी परदेशी तारकांची चित्रे वापरली जात. मराठी घरातील, पदवीधर आणि तरीही पडद्यावर काम करणारी स्त्री साबणाची शिफारस करते, यातून मध्यमवर्गीय स्त्रीला एक नवी प्रतिमा आपलीशी करता आली. तारकांचा हा प्रघात नंतर अनेक दशके चालू राहिला.

परंतु या काळातील सर्वांत लक्षणीय उदाहरण डालडाचे आहे. १९३७ साली बाजारात आलेल्या या वनस्पती तुपापुढे साजूक तुपाची परंपरा उभी होती. लिंटासने चित्रपट, पत्रके, डब्याच्या आकाराची गाडी आणि भर बाजारात पदार्थ तळून चव देणे असा चौफेर प्रचार केला. किर्लोस्करांनी शेतात केले तेच येथे कढईपाशी झाले. पण फरक मूलभूत आहे. नांगराला आपण नांगरच आहोत असे सांगायचे होते. डालडाला आपण तुपासारखे आहोत असे सांगायचे होते. आईच्या हातचे पदार्थ आणि मुलांचे पोषण यांच्याशी ते जोडले गेले. गांधीजींनी वनस्पती तुपाला विरोध केला. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याची मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी आली नाही. मात्र साजूक तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. ज्या वस्तूचे यश दुसऱ्या वस्तूसारखे दिसण्यात होते, तिच्यावर ओळखीची खूण कायद्याने उमटवावी लागली.

या प्रश्नाचा शेवट बराच उशिरा झाला. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याचे विज्ञानाने दाखवून दिले आणि तेल व स्निग्ध पदार्थांतील त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर आणण्याचा नियम भारतात २०२२ मध्ये लागू झाला. १९३७ सालच्या जाहिरातदाराला हे ठाऊक नव्हते, म्हणून त्याला खोटारडा म्हणता येणार नाही. तथापि, ठाऊक नसतानाही पूर्ण खात्रीच्या सुरात बोलणे, हा जाहिरातीचा स्वभावदोष यातून स्पष्ट होतो. त्याची किंमत जाहिरातदाराने नव्हे, तर डब्यावर विश्वास ठेवून रांधणाऱ्या घरांनी मोजली.

कायद्याचे उत्तर :

१९५४ साली औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे झळकणाऱ्या शक्तिवर्धक गोळ्या व चमत्कारी इलाज यांना त्याने प्रथमच अटकाव केला. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. या नव्या कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाबरोबरच शिफारस करणारी प्रसिद्ध व्यक्तीही दंडास पात्र ठरू शकते. थोरांचे नाव उसने देणाऱ्यालाही जबाबदार धरण्याचे हे तत्त्व महत्त्वाचे आहे.

निष्कर्ष :

१) मनवळवणीची प्रमुख तंत्रे समाजात आधीच असलेल्या श्रद्धांवर उभी आहेत, माध्यमे बदलली तरी हा पाया बदललेला नाही.
२) भावनेला आवाहन करणे हे मुळातच अनिष्ट नाही. त्या आवाहनाला तपासता येण्याजोग्या वस्तुस्थितीचा आधार आहे की नाही, हा खरा निकष होय.
३) कायदा बहुधा विश्वास खर्ची पडल्यानंतर येतो. १९३४, १९५४ आणि २०१९ या तिन्ही वेळी हाच क्रम दिसतो.
४) म्हणून ग्राहकाचे शिक्षण कायद्याइतकेच आवश्यक आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला जाहिरात वाचताना ‘ही वस्तू काय सांगते’ याबरोबरच ‘ही कोणाच्या भरवशावर बोलते’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावली पाहिजे.

बांधावर उभे राहून शेजाऱ्याचा नांगर पाहणारा शेतकरी नव्या वस्तूला विरोध करीत नव्हता. तो पुरावा मागत होता. ग्राहकाचा हा सर्वांत जुना हक्क आहे आणि आजही तोच त्याचे खरे संरक्षण आहे.