केमोकाइन

केमोकाइन हा शरीरातील पेशींनी स्रवलेल्या लहान संदेशवाहक प्रथिनांचा समूह आहे. पांढऱ्या रक्तपेशींना कोठे जावयाचे, हे या प्रथिनांमुळे कळते. रसायनाच्या दिशेने पेशी सरकण्याच्या क्रियेस रसायनानुचलन म्हणतात. मानवात सुमारे ५० केमोकाइने आणि त्यांना ओळखणारी सुमारे २० ग्राही प्रथिने ज्ञात आहेत. एका ग्राहीवर अनेक केमोकाइने बसतात आणि एक केमोकाइन अनेक ग्राहींवर बसू शकते. त्यामुळे एखादाच दुवा तोडून दाह थांबविणारे औषध तयार करणे अवघड ठरले आहे. सिस्टीन या ॲमिनो आम्लाच्या मांडणीवरून त्यांचे सीसी, सीएक्ससी, सी व सीएक्स३सी असे चार गट केले जातात.

कार्यपद्धती

बोटात काटा मोडून जंतू आत शिरले की तेथील पेशी सीएक्ससीएल८ (इंटरल्युकिन-८) स्रवतात. हे प्रथिन रक्तवाहिनीच्या आतील अस्तरावरील शर्करा-साखळ्यांना चिकटून राहते, म्हणून वाहत्या रक्ताबरोबर धुऊन जात नाही. रक्तातील न्यूट्रोफिल पेशी सिलेक्टिन प्रथिनांच्या आधाराने अस्तरावरून गडगडत जातात. केमोकाइनशी संपर्क येताच त्यांच्यावरील इंटेग्रिन प्रथिने कार्यान्वित होतात, पेशी जागीच घट्ट चिकटते आणि अस्तर ओलांडून ऊतकात शिरते. पुढे ज्या बाजूस केमोकाइनचे प्रमाण अधिक, त्या बाजूस ती सरकते. पेशीच्या दोन टोकांमधील प्रमाणात अवघा काही टक्के फरक असला, तरी तिला दिशा ओळखता येते.

निरोगी शरीरातही हे काम चालूच असते. सीसीएल१९ व सीसीएल२१ ही केमोकाइने टी पेशींना लसिका ग्रंथींत आणतात, तर सीएक्ससीएल१२ रक्ताच्या मूळ पेशींना अस्थिमज्जेत धरून ठेवते. प्लेरिक्साफॉर हे औषध ही पकड सोडविते. त्यामुळे प्रत्यारोपणासाठी मूळ पेशी रक्तातून गोळा करता येतात.

इतिहास

इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटे टोचले, तेव्हा त्यांभोवती भटक्या पेशी जमा झालेल्या दिसल्या. पेशींना तेथे रसायन खेचते, हे थिओडोर लेबर यांनी १८८८ मध्ये दाखविले. मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली (१८९७). परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र त्यांचे कार्य लसींचे होते, पेशींच्या हालचालीचे नव्हे. इंटरल्युकिन-८ ची ओळख पटण्यास १९८७ साल उजाडावे लागले.

रोगांशी संबंध

काही रोगजंतू केमोकाइनांच्या ग्राहींचाच दरवाजासारखा वापर करतात. एचआयव्ही विषाणूला पेशीत शिरण्यासाठी सीडी४ खेरीज सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ हा ग्राही लागतो, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. पुण्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्येच स्थापन झाली होती. भारतात प्रामुख्याने आढळणारा सी उपप्रकार बहुतांशी सीसीआर५ वापरतो. या ग्राहीच्या जनुकातील एक उत्परिवर्तन दोन्ही प्रतींत असल्यास त्या विषाणूपासून मोठे संरक्षण मिळते. पण युरोपीय लोकांत परिचित असलेले हे उत्परिवर्तन भारतीयांत विरळा आहे. सीसीआर५ अडविणारे माराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. सीएक्ससीआर४ वापरणाऱ्या विषाणूवर ते चालत नाही, म्हणून देण्यापूर्वी चाचणी करावी लागते.

व्हायव्हॅक्स मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना डफी हे प्रथिन वापरतो. तेही केमोकाइनांना बांधणारे ग्राही प्रथिनच आहे. पश्चिम आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर ते नसल्याने त्यांना हा मलेरिया क्वचितच होतो. भारतीयांत ते सर्वसाधारणपणे असते, आणि मुंबई-ठाणे परिसरात व्हायव्हॅक्स मलेरियाचे रुग्ण आढळतात.