स्लाव्ह लोकांचा नाताळ

पूर्व व मध्य युरोप आणि बाल्कन प्रदेशातील स्लाव्ह भाषक समाजांचा ख्रिस्तजन्माचा सण व त्याला जोडून येणारे हिवाळी लोकाचार. सजवलेले झाड आणि भेटवस्तू हा यातला अलीकडचा भाग. खेड्यांतल्या जुन्या चालीरीती धान्य, चारा, गुरे आणि येणारे पीक यांच्याभोवती फिरतात.

तिथी : पोल, चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेन व क्रोएट समाजांत कॅथलिक परंपरेचा प्रभाव असून तेथे सण २५ डिसेंबरला असतो. रशियन व सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च जूलियन पंचांग पाळतात; त्यांचा २५ डिसेंबर सध्या ७ जानेवारीला पडतो. युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून सणाची सुटी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली.

पूर्वसंध्या : खरा सण आदल्या संध्याकाळचा. पोलंडमध्ये तिला ‘विगिल्या’ म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत उपवास असतो. मेजावरच्या कापडाखाली वाळके गवत पसरतात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडतात. ‘ओप्वातेक’ ही पातळ पापडी एकमेकांच्या हातून मोडून घेत शुभेच्छा दिल्यावरच जेवण सुरू होते. पदार्थ बहुधा बारा. मासे चालतात, मांस वर्ज्य. या रात्री गुरे माणसासारखी बोलतात, अशी समजूत आहे.

युक्रेनमध्ये गहू, राय वा ओटची पेंढी घराच्या कोपऱ्यात उभी करतात. तिचे नाव ‘दिदुख’. त्यात आजोबा, पूर्वज हा अर्थ आहे. मुख्य पदार्थ ‘कुट्या’ : गहू कांडून मऊ शिजवायचा आणि त्यात वाटलेली खसखस व मध घालायचा. घरधनी चमचाभर कुट्या आढ्याकडे उडवी. जितके दाणे वर चिकटतील तितकी बरकत. थंडीलाही जेवायला हाक मारीत, म्हणजे ती पुढे पिकाला झोंबणार नाही.

सर्बिया : ‘बाद्न्याक’ हे ओकचे कोवळे झाड तोडून चुलीत जाळतात. नाताळच्या सकाळी पहिला येणारा पाहुणा निखारे ढवळतो; जितक्या ठिणग्या तितकी गुरे, तितके धान्य, असा आशीर्वाद देतो. आत नाणे घातलेली भाकरी मोडतात.

फेरी : मुले व तरुण घरोघर गाणी म्हणत फिरतात. या फेरीची ‘कोल्यादा’, ‘कोलेदा’ ही नावे लॅटिन ‘कॅलेंडे’ म्हणजे महिन्याचा पहिला दिवस यावरून आली.

मूळ : या प्रथा ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या असल्याचे मत १९व्या शतकातील लोकविद्याभ्यासकांत रूढ होते, आज ते सरसकट मान्य नाही.

सोव्हिएत काळ : नाताळचे म्हणून वर्ज्य ठरलेले सजवलेले झाड १९३५ पासून नववर्षाचे म्हणून परत आले.

मराठवाड्यातील साम्य : लातूर व नांदेडच्या दक्षिण भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस (वेळ अमावास्या) असते. संबंध जोडण्याचे कारण नाही. पण हंगाम तोच आणि कामना तीच. शेतात कडब्याची कोप उभारून तिच्यात पांडव म्हणून दगड मांडतात. आंबील, भज्जी, उंडे आणि गव्हाची खीर असा बेत असतो. घरधनी उभ्या पिकावर आंबील शिंपडतो. कुट्याप्रमाणे खिरीसाठीही गहू कांडूनच घेतात. मधाऐवजी गूळ, हा ठळक फरक.

वळिवडे (कोल्हापूर) : महाराष्ट्रात स्लाव्ह नाताळ साजरा झाल्याचे ठळक स्थळ. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दीतून इराणमार्गे सुटलेल्या सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी येथे १९४३ ते १९४८ होती. त्यांत बायका-मुलेच जास्त. १९४६ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडी छावणीतील पोलिश मुलेही येथे आणली गेली. छावणीत चर्च, शाळा व दवाखाना होता. १९४३ ते १९४७ असे पाच नाताळ येथे झाले. पुढे छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. कोल्हापुरात महावीर उद्यानात आणि वॉर्सामध्येही छावणीचे स्मारक आहे.