राजाने न आणलेले मीटबॉल

मागच्या रविवारी मी घरी सगळ्यांसाठी स्वीडिश मीटबॉल केले. चिकनचा खिमा, क्रीमचा सॉस, त्यात बारीक चिरलेला शेपू आणि बाजूला कुस्करलेले बटाटे. पहिला घास खाऊन आई म्हणाली, "अरे, हे तर कोफ्ते आहेत." बाबा मूळचे कोल्हापूरचे. त्यांनी वाटीतल्या सॉसकडे बघितलं आणि विचारलं, "हा पांढरा रस्सा का? मग झणझणीतपणा कुठं गेला?" मी जरा दुखावल्या आवाजात सांगितलं की हा स्वीडनच्या घराघरातला पदार्थ आहे, कोफ्ते नाहीत. आई म्हणाली, "असेल. पण कोफ्तेच आहेत."

गंमत बघा, आई जे म्हणाली साधारण तेच २०१८ साली स्वीडनने स्वतःबद्दल म्हटलं होतं. आणि त्यावरून बराच गलबला झाला. आजचा भाग त्या गलबल्याबद्दल आहे.

२०१८ च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यावर एक ट्वीट आलं. आशय असा, की स्वीडिश मीटबॉल खरं तर बाराव्या चार्ल्स राजाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातून आणलेल्या पाककृतीवर बेतलेले आहेत, तेव्हा वस्तुस्थितीला धरून राहूया. झालं! तुर्की माध्यमं खूश. स्वीडिश लोक अर्धे हसतायत, अर्धे खट्टू. आयुष्यभर ज्याला आपल्या आईच्या हातची चव म्हटलं, ती भलतीकडची निघाली असं सरकारी खातं सांगतंय, म्हटल्यावर होणारच ना.

तर आधी या राजाची गोष्ट. बारावा चार्ल्स १६८२ चा जन्म, पंधराव्या वर्षी गादीवर. तेव्हा स्वीडन हे बाल्टिक समुद्राभोवती पसरलेलं साम्राज्य होतं. या पोराने रशिया, डेन्मार्क, पोलंड सगळ्यांशी लढाया केल्या, सुरुवातीला जिंकल्याही. मग रशियात खोल घुसला आणि १७०९ मध्ये पोल्टाव्हाला पीटर द ग्रेटकडून त्याचा पुरता धुव्वा उडाला. हे गाव आजच्या युक्रेनमध्ये आहे. आपण 'पानिपत झालं' म्हणतो ना, तसा रशियन भाषेत 'पोल्टाव्हाच्या स्वीडिश माणसासारखी अवस्था' असा वाक्प्रचार आहे. तेव्हा राजा सत्तावीस वर्षांचा होता. मी साधारण त्याच वयाचा आहे आणि माझ्या नावावर मोठ्यात मोठी आपत्ती म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी केलेलं एक डिप्लॉयमेंट.

हरलेला राजा दक्षिणेला पळाला तो थेट ऑटोमन साम्राज्यात, आजच्या मोल्दोव्हामधल्या बेंडरला. पाहुणा म्हणून गेला आणि पाच वर्षं हलला नाही. सोबत शेकडो माणसं, खर्च सुलतानाचा, वर स्थानिक सावकारांकडून कर्ज. तिथे बसून तो स्वीडनचं राज्य चालवत होता, म्हणजे एक प्रकारचं रिमोट वर्कच. शेवटी १७१३ च्या फेब्रुवारीत यजमानांचा धीर सुटला. तुर्की फौज त्याच्या घरावर चालून आली, मूठभर माणसं घेऊन तो लढला आणि पकडला गेला. १७१४ मध्ये सुटका झाल्यावर घोड्यावरून साधारण पंधरा दिवसांत त्याने अख्खा युरोप उभा चिरला आणि बाल्टिक किनाऱ्यावरचं श्ट्रालझुंड गाठलं. मागोमाग सावकारही स्वीडनला पोचले, वसुलीसाठी. ते तिथे वर्षानुवर्षं राहिले आणि त्यांना आपापल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करायची परवानगी द्यावी लागली. तेव्हाच्या कट्टर लूथरन स्वीडनमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

आता प्रश्न. या सगळ्यात मीटबॉल कुठे आहेत?

माझं काम सॉफ्टवेअरचं. एखादी ओळ कोणी लिहिली हे शोधायचं असेल तर आम्ही इतिहास उघडतो आणि त्या ओळीशेजारी कोणाचं नाव आहे ते बघतो. इथेही तेच करू. फक्त इतिहासाऐवजी भाषा उघडू, कारण शब्द सहसा खोटं बोलत नाहीत.

चार्ल्सच्या तुर्की मुक्कामातून स्वीडिश भाषेत आलेला सगळ्यात प्रसिद्ध शब्द म्हणजे 'कलाबलिक'. तुर्कीत याचा अर्थ गर्दी. बेंडरच्या त्या चकमकीला स्वीडिश लोक 'बेंडरचा कलाबलिक' म्हणू लागले आणि आज स्वीडिशमध्ये कुठल्याही गोंधळाला कलाबलिक म्हणतात. राजाने १७१६ च्या सुमाराला बांधवून घेतलेल्या एका जहाजाचं नाव होतं 'यारामास', तुर्की 'यारामाझ' म्हणजे खोडकर यावरून. आणि जेवणात? 'कोलडोल्मार'. 'कोल' म्हणजे कोबी, 'डोल्मा' सरळसरळ तुर्की. तुर्की डोल्म्यात द्राक्षाची पानं असतात. ती स्वीडनच्या थंडीत कुठून आणणार? म्हणून कोबी. कायसा वार्ग नावाच्या बाईंनी १७५५ मध्ये तरुण गृहिणींसाठी एक जाडजूड पाकपुस्तक लिहिलं, जे पुढे कित्येक पिढ्या स्वीडिश घरांत वापरलं गेलं. त्याच्या १७६५ च्या आवृत्तीत डोल्मा आहे. म्हणजे नाव, पदार्थ, काळ, तिन्ही जुळतं. कोबीच्या गुंडाळ्यांवर तुर्की मोहोर स्पष्ट दिसते.

मीटबॉलचं तसं नाही. स्वीडिश शब्द आहे 'शॉटबुल्लार'. लिहिताना 'क' ने सुरू होतो, उच्चार 'श' च्या जवळचा. 'शॉट' म्हणजे मांस, 'बुल्ले' म्हणजे गोळा, छोटा पाव. दोन्ही शब्द घरचे. तुर्की 'कोफ्ते'चा मागमूस नाही. हा कोफ्ता मूळचा फारसी, 'कुटणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला, तो एका बाजूने तुर्कस्तानात गेला आणि दुसऱ्या बाजूने आपल्या स्वयंपाकघरात. पण स्वीडनमध्ये शिरला नाही. कायसा वार्ग यांच्या पुस्तकात मांसाचे गोळेही आहेत, पण तुर्की नावाशिवाय. डोल्मा नावासकट येतो, जहाजाला नाव मिळतं, गोंधळाला नाव मिळतं आणि नेमका कोफ्ताच नाव दारात ठेवून आत येतो? मला नाही पटत. हा गणिती पुरावा नाही, मान्य. पण राजाने अशी पाककृती आणल्याचा त्या काळचा कागदही कोणी दाखवलेला नाही. शिवाय हा राजा खाण्यापिण्यात अगदी शिपाईगडी. दारू सोडलेली, ताटात साधं अन्न. तो वहीत मसाल्याचं प्रमाण टिपत बसला असेल, हे चित्र डोळ्यासमोर येत नाही.

आणि मुळात मांस बारीक करून गोळे वळायला राजाची गरजच काय? रोमन काळातल्या एपिशियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाकसंग्रहातसुद्धा असे गोळे आहेत. जिथे जिथे चिवट मांस आणि दात पडलेली माणसं होती, तिथे कोणीतरी हे केलंच असणार.

मग ही गोष्ट लोकांना एवढी हवीहवीशी का वाटते? यामागचं कारण गंभीर आहे. चार्ल्स ३० नोव्हेंबर १७१८ ला नॉर्वेमधल्या एका किल्ल्याच्या वेढ्यात डोक्यात गोळी लागून मेला. पुढे स्वीडनमधल्या उग्र राष्ट्रवाद्यांनी आणि नंतर नव-नाझींनी त्याला आपला वीर बनवलं. १९९० च्या दशकात ३० नोव्हेंबरला स्टॉकहोममध्ये, लुंडमध्ये मोर्चे निघायचे, मारामाऱ्या व्हायच्या. त्यावर उतारा म्हणून २०१० पासून काही लोकांनी त्याच तारखेला 'कोलडोल्मा दिवस' सुरू केला. तुम्ही ज्या राजाला शुद्ध स्वीडिशपणाचं प्रतीक करताय, तो पाच वर्षं तुर्कांच्या घरी जेवत होता, आणि आपल्या ताटातला हा कोबी त्याची साक्ष आहे, असं सांगणारा दिवस. मला ही कल्पना फार आवडते. म्हणूनच २०१८ च्या ट्वीटचा मला थोडा राग येतो. हेतू चांगला होता. पण हातात डोल्म्यासारखा पक्का पुरावा असताना मीटबॉलचा कच्चा पुढे करायची काय गरज होती? समोरच्याला एक चूक सापडली की तो तुमचं खरं म्हणणंही फेकून देतो.

बरं, राजाने आणले नाहीत तर मग ते एवढे स्वीडिश झाले कसे? याचं उत्तर मला जास्त रंजक वाटतं, कारण ते यंत्रांचं आहे.

अठराव्या शतकात ताजं मांस हाताने बारीक करायचं म्हणजे नोकरचाकर असलेल्या घराचं काम. एकोणिसाव्या शतकात खिम्याचं हातयंत्र आलं, चुलीच्या जागी लोखंडी शेगडी आली आणि हा पदार्थ सामान्य घरात उतरला. बटाटा त्याआधीच पोचला होता. तो लोकांच्या गळी उतरवायला वेळ लागला. एवा एकेब्लाड यांनी बटाट्यापासून पीठ आणि दारू करून दाखवली आणि १७४८ मध्ये त्या स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

आणि क्रीम. आपली साय दूध तापवून निवल्यावर येते. तिकडे कच्चं दूध पसरट भांड्यांत थंड जागी दिवसभर ठेवायचे आणि वर आलेलं क्रीम काढून घ्यायचे. हळू काम, आणि तोवर दूध आंबायची भीती. १८७८ मध्ये गुस्ताफ द लाव्हाल या स्वीडिश इंजिनिअरने सतत चालणारा क्रीम सेपरेटर आणला. तत्त्व सोपं आहे. भांडं जोरात फिरवा, जड दूध बाहेरच्या कडेला जातं, हलकं क्रीम मध्याशी गोळा होतं आणि दोन वेगळ्या तोंडांतून बाहेर पडतं. एका बाजूने दूध ओतत राहा, थांबायची गरज नाही. पुण्यातल्या लोकांना दापोडीला अल्फा लाव्हालची पाटी आठवत असेल. तोच हा लाव्हाल! मी किती वर्षं त्या रस्त्याने गेलोय आणि मला वाटायचं अल्फा लाव्हाल हे काहीतरी ग्रीक अक्षरांचं प्रकरण आहे.

राहिलं आयकिया. त्यांच्या उपाहारगृहात मीटबॉल १९८५ मध्ये आले आणि जगाला स्वीडन म्हटलं की तेच आठवू लागले. ज्या २०१८ मध्ये ते ट्वीट आलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतातलं पहिलं दुकान हैदराबादला उघडलं. तिथे गोमांस नाही, डुकराचं मांस नाही, चिकनचे गोळे आणि भाज्यांचे गोळे. नवी मुंबईत तुर्भ्यालाही तेच. म्हणजे पदार्थ ज्या गावाला जातो तिथल्यासारखा होतो. कोबीचंही तेच झालं होतं.

आता प्रमाण, कारण ते दिलं नाही तर मेल येतात. अर्धा किलो चिकनचा खिमा, एक बारीक चिरून परतलेला कांदा, एक अंडं, दोन-तीन स्लाइस पाव थोड्याशा दुधात भिजवून. दूध जपून घाला, चिकनचा खिमा आधीच ओलसर असतो. भिजवलेल्या पावाने गोळे मऊ राहतात आणि खिमा पुरवठ्याला येतो. मीठ, मिरी आणि ऑलस्पाइस. हा मसाला कॅरिबियन भागातला, म्हणजे तोही स्वीडनचा नाही. मिळाला नाही तर लवंग, जायफळ, दालचिनी चिमूट चिमूट. लिंबाच्या आकाराहून लहान गोळे वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि लोण्यात परता. त्याच कढईत, खरवड न काढता, लोणी आणि मैदा भाजा, चिकनचं पाणी घाला, मग क्रीम. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आयकियाने घरी करायची कृती दिली होती, त्यात सॉसमध्ये सोया सॉस आणि मोहरीची पेस्ट होती. सोया सॉसने सॉस तपकिरी होतो. मी तो विसरलो, म्हणून बाबांना पांढरा रस्सा दिसला.

जुन्या पद्धतीच्या सॉसमध्ये हिरवं काही नसतं, शेपू ही माझी भर. पण स्वीडिश लोक नव्या बटाट्यांवर शेपू अगदी मोकळ्या हाताने घालतात, त्यामुळे फार मोठा गुन्हा नाही. गॅस बंद केल्यावरच घाला, उकळला की वास उडतो. सोबत लिंगनबेरीचा जॅम हवा. ही तिकडच्या जंगलातली आंबट फळं, त्यांच्यात नैसर्गिक बेंझोइक आम्ल असल्यामुळे नुसत्या पाण्यातही टिकतात. आमच्याकडे आत्याने मे महिन्यात पाठवलेला करवंदाचा जॅम होता. तोही रानातलाच, तोही आंबट. तो मात्र बाबांनी दोनदा मागून घेतला.

शेपू अजिबात न खाणारा माझा धाकटा भाऊ चार गोळे खाऊन गेला. सॉसमध्ये काय होतं हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि तो हा पॉडकास्ट ऐकत नाही. पुढच्या रविवारी आई तिच्या पद्धतीने करणार आहे, लाल मसाला घालून. भेटू पुढच्या भागात.