बशीतलं मीठ आणि हरवलेला रेणू

गरम पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घालावं, ते बशीत ओतावं आणि काही दिवस बशी हलवू नये. पाणी उडून जातं, तळाशी चौकोनी खडे उरतात. चौकोनीच का?

स्फटिक म्हणजे एकसारख्या सूक्ष्म ठोकळ्यांची रास, असं उत्तर रने झ्युस्त आउई या फ्रेंच पाद्र्याने १७८४ साली मांडलं. पण त्या ठोकळ्याच्या आत काय आहे, हे कळायला क्ष-किरण यावे लागले. १९१३ साली २३ वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅगने मिठाची रचना उलगडली. सोडियम आणि क्लोरीन आळीपाळीने मांडलेले, प्रत्येकाभोवती दुसऱ्याचे सहा शेजारी. एका सोडियमची एका क्लोरीनशी बांधलेली जोडी, म्हणजे मिठाचा ‘रेणू’, कुठेच नव्हता!

हे सगळ्यांच्या पचनी पडलं नाही. ब्रॅगला वडिलांसोबत नोबेल मिळून १२ वर्षं उलटल्यावर, १९२७ साली, ७९ वर्षांच्या हेन्री आर्मस्ट्राँग या रसायनशास्त्रज्ञाने ‘नेचर’मध्ये या ‘बुद्धिबळाच्या पटा’ची खिल्ली उडवली. आयुष्यभर शिकवलेला रेणू असा सहज सोडवत नाही. आपणही शाळेत तो पाठ केलेलाच आहे. बशीतल्या खड्याचे काटकोन मात्र पटाच्याच बाजूने साक्ष देतात.