स्कॅलप : कडेची नक्षी आणि तळाची किंमत

स्कॅलप हा पंख्याच्या आकाराचा सागरी शिंपला. त्याची कड कंगोरेदार असते. म्हणूनच पडद्याच्या किंवा कपड्याच्या कंगोरेदार काठाला इंग्रजीत त्याचे नाव मिळाले. शिंपल्याची उघडझाप करून हा जीव पोहतो आणि ती करणारा जाड स्नायूच खवय्ये आवडीने खातात. त्यासाठी लोखंडी दातांची जाळी समुद्रतळावरून ओढली जातात. त्यात तळाची जीवसृष्टीही खरवडली जाते. ब्रिटन व आयर्लंडदरम्यानच्या आइल ऑफ मॅन बेटावर पोर्ट एरिनलगतच्या सागरी पट्ट्यात १९८९ मध्ये या पद्धतीवर बंदी आली. पुढील वर्षांत तेथील स्कॅलप अनेक पटींनी वाढले. इंग्लंडमधील लाइम उपसागराच्या काही भागातही २००८ मध्ये अशीच बंदी लागू झाली. पाणबुडे मात्र स्कॅलप हाताने वेचतात. त्यात माल कमी मिळतो, पण तळ शाबूत राहतो.